देव्हाऱ्यातला प्लग

चुडामण नानांच्या देव्हाऱ्यात कुलदेवीचा टाक होता, रांगता बाळकृष्ण होता, झुंबरबाईंना लग्नात मिळालेली अन्नपूर्णा होती आणि गाडीचा एक प्लग होता. पहिल्या तिघांना रोज पाण्यानं अंघोळ आणि प्लगला रॉकेलचा बोळा. पाण्यानं आटे गंजतात, असं नानांचं म्हणणं. त्यानंतर मात्र चौघांनाही सारखंच हळदकुंकू आणि सारखंच फूल. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. आज कोणी त्याला हसलं तर मी त्याची चांगली खरडपट्टी काढते.

मी लता, सरकारी नर्स. अठ्ठ्याऐंशी साली आम्ही पारोळ्यात राहायचो आणि मी आसपासच्या खेड्यांत लसी टोचत फिरायचे. मोठी माणसं 'नर्सबाई' म्हणायची, पोरं 'सुईवाली उनी रे' म्हणून धूम ठोकायची. एसटी जिथवर जाई तिथवर एसटीनं, पुढे पायी. खांद्याला डबा, डब्यात बर्फ, बर्फात लस. आमच्या खानदेशातलं ऊन कोणाच्या बापाचं ऐकत नाही. बर्फ वितळला की लस गेली. मग ती टोचली काय नि नळाचं पाणी टोचलं काय, सारखंच.

माझ्या वाट्याच्या गावांत उंबरवाडी नावाची एक वस्ती होती. चार ओळी घरं, सगळी शेतकऱ्यांची. एसटीच्या रस्त्यापासून इतकी आत की पायी पोचेपर्यंत डब्यात पाणी आणि अंगात ताप. आदल्या साली तिथं गोवर शिरला आणि यशोदाबाईंचा नातू त्यात गेला. यशोदाबाई म्हणजे वस्तीतली मोठी बाई. त्यांनी मान हलवली तर वस्ती हलणार, नाहीतर नाही. त्या पोराच्या दिवसांना मी गेले होते. त्या वेळी मी त्यांना शब्द दिला, की या वस्तीत मी लस आणीन, बर्फासकट आणीन. त्याच शब्दापायी मी लुना घेतली. सासूबाई म्हणाल्या, बाईमाणसानं फटफटीवर बसायचं का? मी म्हटलं, बाईमाणसानं बैलगाडीत बसलेलं चालतं, तर हिनं काय घोडं मारलंय?

माझे सासरे रुपचंद आबा मात्र गाडीवर खूश झाले. आबांचा सगळा जन्म बैलांत गेलेला. लुना दारात आली तशी त्यांनी ती गोठ्याच्या बाजूला, सावलीत बांधली. बांधली म्हणजे खरोखरच दावं लावून बांधली. पोळ्याच्या दिवशी बैलांना नदीवर नेलं तेव्हा लुनालाही नेलं, चोळून चोळून धुतलं, हँडलला गोंडे लावले, पुढच्या मडगार्डला गेरू फासला. इथवर ठीक होतं. मला कौतुकच वाटलं.

दुसऱ्या दिवशी उंबरवाडीचा दिवस ठरलेला. यशोदाबाईंनी आयांना गोळा करून बसवलेलं. मी डबा बांधला, पायडल मारलं, गाडी सुरू झाली आणि किल्ल्यामागच्या गल्लीत पोचेपर्यंत पांढरा धूर सोडून बंद पडली. पायडल मारून मारून माझ्या पोटऱ्या भरून आल्या. गल्लीतली पोरं जमली. समोरच्या ओट्यावर एक माणूस शांत बसला होता, डोक्याला मफलर, हात उपरण्याखाली. भाद्रपदाच्या तोंडाला मफलर. मला त्या शांतपणाचा असा राग आला की विचारू नका.

"बसून काय पाहता भाऊ? गाडीतलं काही कळतं का?"

तो माणूस उठला, वाकून सायलेन्सरपाशी नाक नेलं आणि म्हणाला, "इंजनमा भजा तयी राह्यनात का काय?"

आणि खरंच की! त्या धुराला भज्यांच्या कढईचा वास येत होता.

तोवर आबा मागून धापा टाकत आलेच. तेल कोणतं टाकलं, असं त्या माणसानं विचारल्यावर आबा छाती काढून म्हणाले, "पेट्रोलमा ऑइल टाकाले सांगेल व्हतं. बाजारना ऑइलमा भेसळ र्‍हास. घरनं घानीनं शेंगदाणानं तेल टाकं मी. पोळाले बैलले पाजस, मंग इनी काय चूक करी?"

पोळ्याच्या आधी बैलाला बांबूच्या नळीनं तेल पाजायची आमच्याकडे रीत आहे. कामाच्या दिवसांत अंगात ताकद राहते म्हणतात. आबांनी नळीऐवजी नरसाळं वापरलं, एवढाच फरक. त्यांची माया खोटी नव्हती, आणि गाडीचाही काही दोष नव्हता.

"आबा, बैल तेल पचाडस," तो माणूस हसत म्हणाला. "गाडी जाळस."

हे चुडामण नाना. मी म्हटलं, मग करा ना दुरुस्त, माझा बर्फ वितळतोय. 'बर्फ' म्हटल्याबरोबर नाना डब्यापासून एक पाऊल मागे सरकले. मग त्यांनी उपरण्याखालून हात बाहेर काढले. उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळी धड होती, मधली बोटं मुळापाशीच संपलेली. डाव्याची पेरं गेलेली. मी नर्स, हात पाहायची मला सवय, तरी मी नजर डब्याकडे वळवली.

"मना हातमा आते पाना बसत नई," नाना म्हणाले. "तू धर. मी सांगस."

"मी? माझ्या हातात बांगड्या आहेत!"

"बांगड्या फुटतीन तं फुटतीन."

घरातून त्यांच्या बायकोचा, झुंबरबाईंचा आवाज आला. "फुटतीन नका म्हनू! वाढतीन म्हना! येवढा दिन फौजमा राह्यनात, पन बोलाना काय ढंग नई!"

त्या दिवशी भर गल्लीत बसून मी जन्मात पहिल्यांदा प्लग काढला. तो डांबरानं माखल्यासारखा काळा, ठिणगी पडणार कुठून? नानांनी टाकी रिकामी करायला लावली, सायलेन्सर खरवडायला लावला, कार्बोरेटरच्या बारीक भोकात तोंडानं फुंकर मारायला लावली. माझ्या तोंडाला शेंगदाण्याची चव आली. गाडी सुरू झाली तेव्हा ऊन उतरत होतं आणि डब्यात पाणी झालं होतं. उंबरवाडी राहिली.

दोन दिवसांनी मी तिकडे गेले तर यशोदाबाई दाण्याच्या शेंगा निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. "येसू म्हनस, अनि येत नई," म्हणाल्या. "आमनी वस्ती शेवटली, तं आमनी आठवनबी शेवटली." त्या एका वाक्यानं वस्तीची दारं मला बंद झाली. त्यांचा राग मला समजत होता. ज्या घरातलं लेकरू गेलंय त्या घराला नर्सबाईच्या टाकीत कोणतं तेल होतं याच्याशी काय देणंघेणं?

मग मी नानांचं डोकं खायला लागले. गाडी परत कधीच अडायला नको, असं काहीतरी शिकवा म्हणून रोज संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचे. झुंबरबाई चहा द्यायच्या आणि नाना बोलायचे. त्यांची हकिगत मला अशीच, थोडी थोडी कळली.

नाना लष्करात इंजिनांच्या कामावर होते. शेवटची काही वर्षं त्यांना काश्मीरच्याही वर, बारमाही बर्फात पाठवलं. तिथं चाकाची गाडी चालत नाही. तिथं बर्फावरची स्कूटर. पुढे चाकाऐवजी लाकडी पाटासारख्या दोन पट्ट्या, मागे पिठाच्या गिरणीत असतो तसा पण हातभर रुंद रबरी पट्टा, आणि मधे आपल्या लुनाच्याच जातीचं, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून पिणारं इंजिन. तिच्यामागे घसरगाडी जोडायची आणि रॉकेल, पीठ, औषधं वरच्या ठाण्यावर पोचवायची. पारोळ्यात कोणाला सांगितलं तर लोक म्हणत, नाना, चांगली थाप शे.

ती स्कूटर सांभाळायची नानांची पद्धत फार साधी होती. संध्याकाळी काम संपलं की पट्ट्यात अडकलेला बर्फ लगेच काढायचा, आणि गाडी खाली लाकडं देऊन उचलून ठेवायची. नाहीतर सकाळी पट्टा जमिनीला चिकटलेला. पट्ट्यावरून रोज हात फिरवायचा, चीर दिसली की मोहीम संपायची वाट न पाहता बदलायचा. सकाळी इंजिन सुरू केल्याबरोबर पळवायचं नाही, आधी जागेवर गरम होऊ द्यायचं. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवायचं, म्हणजे कार्बोरेटरमध्ये थेंब उरत नाही. आणि एक प्लग जवळ, अंगाच्या उबेला; हे मात्र ते फार उशिरा शिकले, असं म्हणत.

"हे सगळं तिकडचं झालं," मी एकदा म्हटलं. "माझ्या लुनाला कुठला बर्फ?"

नानांनी अंगणातल्या गाडीकडे हनुवटी केली. पावसाच्या झडीतून आले होते मी. मडगार्ड आणि चाक यांच्यामध्ये काळ्या मातीचा गिलावा बसला होता.

"हाऊ काय शे मंग? आते काढशी तं चिखल. सकाय लगून ठेवशी तं दगड."

मी मुकाट्यानं काडी घेऊन चिखल काढायला बसले. पुढे झडीच्या दिवसांत, खेड्यांचे रस्ते बंद झाले की, लुनाखाली दोन विटा देऊन तिला उचलून ठेवायला शिकले. कॉक बंद करून तिला थांबेपर्यंत चालवायला शिकले. हवेच्या फिल्टरमधली कपाशीच्या शेतांतली धूळ पेट्रोलनं धुवायला, चेनला तेल द्यायला आणि ऑइल टोपणानं मोजून टाकायला शिकले. प्लगची फट हॅक्सॉच्या पात्याइतकी ठेवायची हेही शिकले. आबाही शिकले. दावं मात्र त्यांनी सोडलं नाही.

माझं पाहून इतर लोक यायला लागले. राजदूतवाले, लुनावाले, एक केळीवाला तर पार पाचोऱ्याकडून. नाना कोणाच्याही गाडीला हात लावायचे नाहीत. लावता येतच नव्हता. ज्याची गाडी त्याच्याच हातात पाना द्यायचा आणि ओट्यावरून बोलायचं. गल्लीतला मेकॅनिक निंबा सुरुवातीला भडकला होता, नाना माझं दुकान बंद पाडतील म्हणून. मग त्याच्या लक्षात आलं, की गाड्या वेळेवर दाखवायला लोक त्याच्याकडे जास्तच यायला लागलेत. तोही संध्याकाळी येऊन टेकायला लागला. जो माणूस लष्करातून आल्यावर वर्षभर उपरण्याखाली हात लपवून बसला होता, त्याच्या ओट्यावर आता पाय ठेवायला जागा नसे. नाना हातवारे करून बोलत, आणि हात उघडे आहेत हे त्यांना आठवतसुद्धा नसे.

प्लगची गोष्ट मात्र नानांनी सांगितली नाही. ती झुंबरबाईंनी सांगितली, भाऊबीजेच्या दिवशी. मी फराळाचं ताट घेऊन गेले तर झुंबरबाई पाटावर प्लग ठेवून त्याला ओवाळत होत्या. सुपारी, दिवा, अक्षता, सगळं यथासांग. मला वाटलं, बाईंचं डोकं ठिकाणावर आहे ना?

"हाऊ मना भाऊ शे," त्या म्हणाल्या. आणि मग मला बसवून सांगितलं.

नाना आणि बिष्ट नावाचा एक पहाडी ड्रायव्हर सामान पोचवून परत येत होते. वारा सुटला, पुढचं दिसेना. आणि स्कूटर बंद पडली. कोणीतरी ऑइल जास्त ओतलेलं, प्लग माखला. मेकॅनिक नाना. त्यांनी हातमोजे काढले, कारण जाड हातमोज्यांत प्लग धरता येत नाही. जुना प्लग काढला, पिशवीतला नवा घेतला, आणि बधिर बोटांतून तो निसटून बर्फात गेला. उघड्या हातांनी बर्फ उकरून उकरून शोधला, तोवर बोटं लाकूड झाली. त्या वाऱ्यात चालत जाणं म्हणजे मरणच. तेव्हा मागे घसरगाडी सोडवत असलेला बिष्ट आला, त्यानं पाच कपड्यांच्या आत हात घातला आणि छातीपाशी ठेवलेला एक प्लग काढला. कोणी सांगितलं नव्हतं. ड्रायव्हर होता, दुरुस्ती त्याचं काम नव्हतं. पण आपली गाडी आहे, आपल्याला यायला पाहिजे, म्हणून त्यानं शिकून ठेवलं होतं. त्यानंच तो प्लग बसवला, त्यानंच नानांना आपल्या पाठीशी बांधलं आणि खाली आणलं. नानांना दवाखान्यात हलवलं, बिष्टची तुकडी दुसरीकडे गेली. त्याचं पूर्ण नावसुद्धा विचारायचं राहिलं. नानांच्या साथीदारांनी तेवढा तो प्लग काढून त्यांच्या उशाशी आणून ठेवला.

"माले भाऊ नई," झुंबरबाई म्हणाल्या. "मायबाप गयात, माहेर नई. ज्यानी मनं कुंकू घर आनं तो भाऊ नई तं काय? त्याले कोठे ओवाळू? मंग यालेच."

मी फराळाचं ताट खाली ठेवलं आणि हात जोडले. नानांचा तो नेम मग मला समजला. ओट्यावर शिकलेल्या प्रत्येकाला ते बजावत, की जास्तीचा प्लग जवळ बाळगायचा, वाटेत कोणी अडलेला दिसला तर द्यायचा, आणि परत मागायचा नाही.

तो सगळा हिवाळा मी उंबरवाडीला जात राहिले. लस न घेता, नुसतीच. कोणाची जखम बांध, कोणाला गोळी दे. लुना एकदाही अडली नाही. चैत्रात यशोदाबाईंनी पहिल्यांदा मला बसायला गोणपाट टाकलं आणि म्हणाल्या, "आखाजीना दुसरा दिन ये. बठ्ठ्या लेकी माहेरले राहतीन, त्यासना लेकरंबी राहतीन. मी बसाडसू त्यासले. पन तवय नई उनी तं परत वस्तीमा पाय ठेवू नको."

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्या खानदेशात दिवाळीपेक्षा तिचा थाट मोठा. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झाडाझाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. पुरुष पत्ते कुटतात. दोन दिवस बाजाराला जीव नसतो. वस्तीच्या लेकींची लेकरं एका जागी सापडायची ती तेवढीच वेळ. तिसऱ्या दिवशी सगळ्या आपापल्या सासरी पांगणार. यशोदाबाई फार शहाणी बाई होती.

आखाजीच्या आदल्या दिवशी मी धुळ्याहून लुनावर परत येत होते. वाटेत एक माणूस बहिणीला माहेरी आणताना गाडी बंद पडून उन्हात उभा होता. ती बाई रडकुंडीला आलेली, कडेवर बाळ. मी त्याचा प्लग पाहिला आणि माझ्याजवळचा जास्तीचा प्लग काढून दिला. त्यात मी काही मोठं केलं नाही, ओट्याचा नेमच तसा. पारोळ्यात आल्यावर दुसरा घेऊ म्हटलं, तोवर दुकानं सणाला बंद झाली होती.

आणि आखाजीच्या दुसऱ्या दिवशी नेमकं नको तेच झालं. सकाळी दवाखान्यातून लस घेतली, डब्यात बर्फ भरला, निघाले. गावाबाहेरच्या नाल्यापाशी लुना दोनदा खोकली आणि थांबली. मी घाबरले नाही. सावलीत डबा ठेवला, पाना काढला, प्लग काढला. पाहते तर पांढऱ्या चिनीमातीला वरपासून खालपर्यंत काळी चीर. तो आता पुसूनही चालणार नव्हता आणि फुंकूनही नाही.

डबा खांद्याला मारून, गाडी ढकलत मी परत गावात आले. निंबा सासुरवाडीला, पाचोऱ्याला गेलेला. एका पार्टच्या दुकानाला कुलूप. दुसऱ्याचा मालक वडाखाली पत्त्यांच्या डावात, म्हणतो किल्ली पोरगा घेऊन धुळ्याला गेला. मी त्याला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. ज्यांच्याकडे गाड्या ते सणाला बाहेरगावी गेलेले. माझे मालक एसटीत वाहक, ते ड्यूटीवर. ऊन चढत होतं. डब्याच्या झाकणाला फट होती, ती मी पदरानं दाबून धरली होती. डोळ्यांपुढे एकच चित्र, यशोदाबाई आयांना बसवून वाटेकडे पाहताहेत. आणि मी पुन्हा एकदा येणार नाही.

नानांच्या ओट्यावर जाऊन मी डबा ठेवला आणि घळाघळा रडले. सांगता सांगता चिरलेला प्लग त्यांच्या पुढ्यात टाकला. नानांनी तो अंगठा आणि करंगळीत धरून पाहिला. मग आत पाहिलं, देव्हाऱ्याकडे. शेवटी झुंबरबाईंकडे पाहिलं. प्लग नानांना मिळाला होता खरा, पण घरात तो झुंबरबाईंचा होता. आखाजीचं माहेर म्हणून आदल्याच दिवशी त्यांनी त्याच्यापुढे सांजोरीचा नैवेद्य ठेवला होता.

मला कळलं काय चाललंय ते, आणि मी म्हटलं, "नको अक्का. तो नको. काही झालं त्याला तर?"

झुंबरबाई उठल्या. देव्हाऱ्यापाशी बसल्या. पदराच्या टोकानं प्लगचं हळदकुंकू सगळं पुसून काढलं, सावकाश, आट्याआट्यातून. "तठे माय बठेल शेत वाट देखत," म्हणाल्या. "भाऊ काय घरमा बसाडी ठेवाले र्‍हास का? जा भाऊ. जाईसन ये." आणि माझ्या हातात दिला.

नाना लगेच पूर्वीचे फौजी झाले. "हाऊ लांब शे. तसाच बसाडशी तं खाले पिस्टनले लागी. हत्यारना डबामा तांबाना वायसर शेत, ते खालतून टाक. आते फिरव हातवरी. लागत नई ना? मंग पाना लाव. जास्ती आवळू नको." मी करत गेले. नाना सांगतच होते. "थंड मुलुखना शे. आठे फार दिन चालाऊ नई. पन जाईसन येशी. मधमा बंद करू नको."

मी पायडल मारलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा लुनानं आवाज दिला. झुंबरबाईंनी तोंडावर पदर घेतला, आणि मी गल्लीतून निघाले ती मागे वळून पाहिलं नाही.

उंबरवाडीत शिरले तेव्हा चिंचेखाली झोके उभे होते आणि बायका गोल करून बसल्या होत्या. उशीर झाला होता. दोघीतिघी उठायच्या बेतात होत्या. यशोदाबाई कमरेवर हात ठेवून वाटेच्या तोंडाशी उभ्या. मी गाडी सावलीत लावली, पण बंद केली नाही. नानांचा हुकूम. ती तशीच टुकटुकत राहिली आणि मी डबा उघडला. बर्फ होता. निम्मा झाला होता, पण होता.

"उनी वं माय," यशोदाबाई म्हणाल्या. एवढंच. मग त्यांनी आपल्या धाकट्या लेकीचं बाळ स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि सगळ्यांच्या आधी पुढे केलं. ते टोचताच असं किंचाळलं की चिंचेवरची पाखरं उडाली. बाया हसायला लागल्या. त्यानंतर एक एक करून सगळी लेकरं झाली. रडली, पोलिओचे थेंब थुंकली, चावली, पण झाली. सुई आटपली तेव्हा यशोदाबाईंनी माझ्या पदरात पुरणाच्या पोळ्या बांधल्या, आणि लुनाच्या सीटवर हात फिरवला, एखाद्या गाईच्या पाठीवर फिरवावा तसा. त्या वस्तीत पुन्हा मला कोणी अडवलं नाही. तिथली पोरं पुढे माझ्यादेखत मोठी झाली.

उन्हं कलली तेव्हा मी पारोळ्यात पोचले. गल्लीच्या तोंडाशी लुनाचा आवाज आला तसे नाना ओट्यावर उभे राहिलेले मला लांबून दिसले. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "प्लग काढ."

गरम होता, फडक्यात धरून काढला. तोंडाला काजळी धरली होती. नानांनी उजेडाकडे करून तो पाहिला, सगळ्या बाजूंनी. मी म्हटलं, थांबा, घासून स्वच्छ करून देते.

"नको," झुंबरबाई म्हणाल्या. "काम करीसन उना, तोंड काये व्हईच." त्यांनी तो तसाच, काजळीसकट देव्हाऱ्यात ठेवला, आणि त्यावर नवं कुंकू लावलं. मी त्या दोघांच्या पाया पडले. तेव्हा सांगायचं राहिलं, म्हणून आता लिहिते. नाना, अक्का, आणि कुठे असाल तिथे बिष्टभाऊ, तुमचे उपकार माझ्यावर आहेत, आणि उंबरवाडीच्या लेकरांवर आहेत. ते फेडायचे नाहीत. ते पुढे द्यायचे, एवढं मी शिकले आहे.

मी डबा उचलून घरी निघाले तर नानांनी विचारलं, "डबामा काही उरनं?"

मी झाकण उघडलं. तळाशी बर्फाचा एक तुकडा राहिला होता, बाळाच्या तळहाताएवढा. नाना बर्फाला शिवत नसत. गारेगारवाल्याची गाडी गल्लीत आली तरी ते घरात जायचे. उन्हाळ्यात माठाचं पाणीसुद्धा थोडं तापवून प्यायचे. मी झाकण लावायला गेले.

"ठेव आठे," ते म्हणाले, आणि दोन्ही हात ओंजळीसारखे पुढे केले.

मी तो तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांचं अंग एकदा शहारलं. मग ते हसले. मी त्यांना आधी कधी तसं हसताना पाहिलं नव्हतं. झुंबरबाई दारात उभ्या होत्या. "टाका तो, हात दुखतीन," त्या दोनदा म्हणाल्या. नानांच्या बोटांमधल्या मोकळ्या जागांतून पाणी ओट्यावर ठिपकत होतं. तो तुकडा पूर्ण वितळेपर्यंत त्यांनी हात खाली केले नाहीत.